मशीनच्या पडद्याचं स्केलिंग: ताणतोय कोण, ते आधी शोधा

दोन सीएनसी मशीनवरचे, म्हणजे संगणकाच्या हुकुमाने कापकाम करणाऱ्या मशीनवरचे, जुने १७ इंची मॉनिटर काढले आणि त्यांच्या जागी १५.६ इंची फुल एचडी टचस्क्रीन बसवले. एक राउटर, एक मिलिंग. मॉनिटरचं मॉडेल एकच, विंडोज १० ची आवृत्ती एकच, फक्त कंट्रोल सॉफ्टवेअर वेगवेगळं. अक्षरं बारीक दिसतात म्हणून दोन्हीकडे विंडोजचं स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठं करून दाखवण्याची सोय, १५० टक्के ठेवलं होतं. मशीन चालू केल्यावर दोन्हीकडे गडबड दिसली, पण एकाची गडबड दुसऱ्याशी जुळेना.

राउटरवर सगळं धूसर, ओल्या काचेतून बघावं तसं. शिवाय विंडोचा खालचा भाग पडद्याबाहेर गेलेला, आणि नेमकी त्याच पट्टीत सायकल स्टार्ट, फीड होल्ड (चाल रोखून धरणारं) आणि स्टॉप ही बटणं. मिलिंगवर अक्षरं धारदार, विंडो पूर्ण पडद्यात, पहिल्या नजरेत सगळं ठीक. पण एक्स अक्षाचा आकडा १२४.६५० दिसत होता आणि टेबल प्रत्यक्षात उणे १२४.६५० ला उभं होतं. उणे चिन्ह चौकटीच्या बाहेर कापलं गेलं होतं. टूलपाथचं, म्हणजे टूलच्या वाटेचं चित्र आपल्या विंडोच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात आक्रसून बसलेलं, आणि जॉगच्या (हाताने अक्ष हलवण्याच्या) पाटीवर एक बटण दाबलं की भलतंच पेटायचं.

धूसर पडदा डोळ्यांना त्रास देतो, पण तो खोटं बोलत नाही. मिलिंगचा स्वच्छ पडदा खोटं बोलत होता, म्हणून दोघांत तोच जास्त घातक होता. मोशन कंट्रोलच्या प्रोग्रॅममध्ये स्केलिंग हा दिसण्याचा विषय धरून सोडून देता येत नाही. ऑपरेटर आकडा बघून टूल खाली घालतो आणि बटण बघून अक्ष हलवतो. ते दोन्ही पडद्यावरच आहे.

हात लावण्याआधी दोन कामं उरकून घेतली. प्रोग्रॅमचं प्रोफाइल ज्या फोल्डरमध्ये असतं ते सगळंच्या सगळं पेनड्राइव्हवर काढून ठेवलं, कारण स्क्रीन बदलताना काही प्रोग्रॅम त्याच फाइलमध्ये ऑफसेटही (कामाचा शून्य कुठे ते सांगणारे आकडे) पुन्हा लिहितात. मग अक्षांच्या मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हचा पुरवठा बंद केला आणि टूल फिरवणारा स्पिंडलही वेगळा तोडला. बटणं चुकीच्या जागी लागतात हे माहीत असताना ड्राइव्ह चालू ठेवून बटणं दाबत बसणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. पडद्यावरच्या स्टॉपच्या भरवशावर कधीच राहू नये. तारेने जोडलेला लाल इमर्जन्सी स्टॉप हाच खरा स्टॉप. पडद्यावरचं बटण प्रोग्रॅम, विंडोज आणि टच या तिघांच्या कृपेवर चालतं.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. १७ इंची, १२८० बाय १०२४ च्या जुन्या मॉनिटरवर एका इंचात सुमारे ९६ पिक्सेल बसतात. विंडोजचं १०० टक्के स्केलिंग म्हणजेही इंचाला ९६. जुने प्रोग्रॅम त्या मॉनिटरवर इतके चपखल का बसायचे, त्याचं कारण हेच. नव्या १५.६ इंची फुल एचडी पडद्यावर इंचाला १४१ पिक्सेल येतात. ४० पिक्सेलचं बटण जुन्या पडद्यावर १०.६ मिलिमीटर होतं, ते नव्यावर १०० टक्क्यांना ७.२ मिलिमीटर झालं. हातमोजा घातलेल्या बोटाला ते एकदा लागतं, तर दोनदा चुकतं.

१५० टक्के लावलं की विंडोज प्रोग्रॅमला सांगतं, पडदा १२८० बाय ७२० चाच आहे. त्यातले ४० टास्कबारला गेले, साधारण ३१ वरच्या टायटल पट्टीला. उरले ६४९. राउटरचा प्रोग्रॅम १०२४ बाय ७६८ साठी आखलेला. म्हणजे खालचे जवळपास १२० पिक्सेल दिसणारच नाहीत, आणि पडद्यावर मोजलं तर ती पट्टी सव्वातीन सेंटीमीटरच्या आसपास भरते. बटणांची रांग नेमकी तेवढीच उंच होती. १२५ टक्क्यांना पडदा १५३६ बाय ८६४ होतो, तेच वजा केल्यावर ७९३ उरतात आणि ७६८ त्यात आरामात बसतात. हे आधी कागदावर मांडलं असतं, तर १५० टक्क्यांच्या वाटेला कुणी गेलंच नसतं.

खरी मेहनत गेली ती ताणणारा कोण हे शोधण्यात. पडद्यावरचं चित्र चार ठिकाणी ताणलं जाऊ शकतं. मॉनिटर स्वतः ताणतो, ग्राफिक्स ड्रायव्हर ताणतो, विंडोज ताणतं, आणि कंट्रोल प्रोग्रॅमही आपल्या आतून ताणू शकतो. यातल्या एकानेच ताणावं, उरलेल्या तिघांनी गप्प बसावं. दोघांनी एकदम हात घातला की आकडे धूसरही होतात आणि टचही सरकतो, आणि मग आपण टच कॅलिब्रेशन करत बसतो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

पहिली चाचणी फुकटची आहे. पडदा धूसर दिसत असताना प्रिंट स्क्रीन घ्यायचा आणि ती फाइल दुसऱ्या, चांगल्या संगणकावर मूळ आकारात उघडायची. चित्र तिथेही धूसर असेल तर ताणणं विंडोजमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये झालंय. तिथे धारदार दिसलं तर दोष त्यानंतरचा, म्हणजे ड्रायव्हर, केबल किंवा मॉनिटर. राउटरच्या चित्रात दोन्ही गोष्टी सापडल्या. प्रोग्रॅमची विंडो फाइलमध्येही धूसर होती, पण डेस्कटॉपवरची चिन्हं फाइलमध्ये स्वच्छ आणि पडद्यावर किंचित पसरलेली. म्हणजे एक ताण विंडोजचा आणि एक मॉनिटरचा.

मॉनिटरचा ताण टीव्हीसारख्या ओव्हरस्कॅनमुळे होता. एचडीएमआयवर काही पडदे चारही कडांचं थोडं चित्र कापून उरलेलं मोठं करतात. मॉनिटरच्या मेनूत चित्राचा आकार एकास एक किंवा जस्ट स्कॅन अशा नावाच्या पर्यायावर नेला की हे थांबतं. त्यानंतर ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये स्केलिंग ‘नो स्केलिंग’वर ठेवलं आणि विंडोजमध्ये रिझोल्यूशन पडद्याच्या जन्मजात १९२० बाय १०८० वरच आहे ना हे पाहिलं. पहिले दोन थर गप्प झाले. टचच्या चुकीतला थोडा भागही इथेच गेला, कारण चित्र कापून मोठं केलेलं आणि टचची काच मात्र मूळ मापाची, असा तो झगडा होता.

उरले विंडोज आणि प्रोग्रॅम. इथे टास्क मॅनेजर कामाला येतो. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत त्याच्या डिटेल्स टॅबवर कॉलमच्या शीर्षकावर राइट क्लिक करून ‘डीपीआय अवेअरनेस’ हा कॉलम लावता येतो (डीपीआय म्हणजे इंचाला किती पिक्सेल). प्रोग्रॅमने विंडोजला स्वतःबद्दल काय सांगितलंय ते तिथे दिसतं. राउटरच्या प्रोग्रॅमसमोर ‘अनअवेअर’ होतं. म्हणजे त्याला स्केलिंग माहीतच नाही, तो ९६ समजून चित्र काढतो आणि विंडोज ते चित्र फोटोसारखं मोठं करतं. म्हणून धूसर, पण म्हणूनच आतलं प्रमाण शाबूत. आकडा, चौकट, बटण सगळं एकाच पटीत वाढतं, आणि टच कुठे झाला तेही विंडोज त्याच पटीत भागून प्रोग्रॅमला देतं.

मिलिंगच्या प्रोग्रॅमसमोर ‘सिस्टम’ होतं. म्हणजे याने विंडोजला सांगितलंय, मला स्केलिंग कळतं, तू मध्ये पडू नकोस. विंडोज बाजूला झालं. प्रत्यक्षात त्याला अर्धंच कळत होतं. फॉन्टचं माप पॉइंटमध्ये होतं, ते वाढलं. ९ पॉइंटचं अक्षर १०० टक्क्यांना १२ पिक्सेल उंच असतं, १५० टक्क्यांना १८ होतं. चौकटीचं माप मात्र पिक्सेलमध्ये लिहिलेलं, ते जागचं हललं नाही. आकडा उजवीकडे टेकवलेला असल्यामुळे जागा संपली की डावी बाजू कापली जायची, आणि डावीकडे असतं उणे चिन्ह. आकडा डावीकडे टेकवलेला असता तर दशांशाचे शेवटचे आकडे गेले असते. तेही वाईटच, पण उणे जाण्याइतकं नाही.

ही चूक रोज दिसत नाही, हे तिचं सगळ्यात कपटी अंग. उणे ५.००० व्यवस्थित दिसतं, उणे २४.३५० ही दिसतं. तीन आकडी माप आलं की चिन्ह गायब. टेबलाच्या मधल्या भागात काम करणाऱ्याला आठवडाभर काही कळणार नाही. म्हणून चाचणीसाठी एक ठराविक आकडा धरला: ड्राइव्ह बंद असताना प्रत्येक अक्षाच्या डीआरओमध्ये, म्हणजे जागा दाखवणाऱ्या आकड्याच्या चौकटीत, −८८८.८८८ टाकायचा. आठ हा अंक चौकट पुरेपूर भरतो आणि कडेला अर्धा जरी कापला तरी तीनसारखा दिसायला लागतो, त्यामुळे नजरेतून सुटत नाही. उणे चिन्ह, तिन्ही आठ, टिंब आणि पुढचेही तिन्ही आठ दिसले तरच तो डीआरओ पास. इंचात काम करण्याची सोय असेल तर तिकडेही हीच चाचणी घ्यायची, कारण तिथे दशांशस्थळं वेगळी असतात. डीआरओमध्ये आकडा टाकला की वर्क ऑफसेट बदलतो, हे ध्यानात ठेवून नंतर जुनी प्रोफाइल परत टाकायची.

टूलपाथ कोपऱ्यात का बसला, तेही याच घोळातून. टूलपाथ ओपनजीएल या ग्राफिक्सच्या पद्धतीने काढला जातो. विंडो खऱ्या पिक्सेलमध्ये मोठी, पण चित्र किती जागेत काढायचं तो आकडा प्रोग्रॅमने जुन्या मापात दिलेला. १५० टक्क्यांना तो प्रत्येक बाजूचा दोन तृतीयांश भरतो, म्हणजे क्षेत्रफळाचा ४४ टक्के. ओपनजीएलचा शून्य बिंदू खाली डावीकडे असतो, म्हणून चित्र त्या कोपऱ्याला चिकटतं. टूलपाथ त्या कोपऱ्यात दिसला की दुसरं काही तपासायची गरज नाही, दोन मापांची सरमिसळ झाली आहे हे नक्की. तिथे एखाद्या रेषेवर दोनदा टॅप करून जी-कोडची (मशीनला दिलेल्या हुकुमांची) ओळ निवडायला गेलं तर ओळही चुकीची निवडली जाते. मधूनच प्रोग्रॅम सुरू करायची सवय असलेल्यांनी हे विशेष जपावं.

जॉगच्या पाटीची गंमत निराळी होती. ती पाटी म्हणजे एकच मोठं चित्र, आणि बोट कुठे पडलं ते आकड्यांत बघून प्रोग्रॅम ठरवतो की कोणतं बटण दाबलं. चित्र दीडपट झालं, आकडे जुनेच राहिले. पाटीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून २०० आणि १६० वर असलेलं बटण आता ३०० आणि २४० वर दिसत होतं. तिथे बोट ठेवलं की ३०० आणि २४० वर पूर्वी जे बटण होतं ते चालायचं. झेड वर न्यायला गेलं आणि पेटलं एक्स शून्य.

टच चुकतोय असं दिसलं की सगळे आधी कॅलिब्रेशनकडे धावतात. त्याआधी चुकीची चाल बघावी. चूक एका कोपऱ्याजवळ शून्य आणि लांब जाऊ तशी वाढत असेल, आणि ती फक्त या एकाच प्रोग्रॅममध्ये असेल, तर ते स्केलिंग. चूक पडद्यावर सगळीकडे सारखीच आणि प्रत्येक प्रोग्रॅममध्ये असेल, तर कॅलिब्रेशन. ते कंट्रोल पॅनेलमधल्या टॅब्लेट पीसी सेटिंग्जमधून होतं. दोन मॉनिटर असतील आणि एकावर बोट ठेवल्यावर दुसऱ्यावर क्लिक पडत असेल, तर त्याच खिडकीतलं ‘सेटअप’ बटण दाबून कोणता पडदा टचचा ते सांगावं लागतं. माउसनेही तीच चूक होत असेल तर टचचा संबंधच नाही. ही शेवटची परीक्षा सगळ्यात झटपट: माउस लावा, तेच बटण दाबा.

उपायाकडे वळलो तेव्हा दोन मशीनची औषधं एकमेकांच्या उलट निघाली. प्रोग्रॅमच्या एक्झी फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कॉम्पॅटिबिलिटी टॅब, तिथे ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’, आणि खाली ‘ओव्हरराइड हाय डीपीआय स्केलिंग बिहेविअर’ला टिक. मग तीन पर्याय मिळतात. ‘ॲप्लिकेशन’ म्हणजे विंडोजने ताणू नये, प्रोग्रॅम बघून घेईल. ‘सिस्टम’ म्हणजे प्रोग्रॅम काहीही म्हणो, विंडोजनेच ताणावं. ‘सिस्टम एनहान्स्ड’ म्हणजे विंडोजने ताणावं, पण अक्षरं आणि साध्या रेषा पुन्हा धारदार काढायचा प्रयत्न करावा.

मिलिंगला ‘सिस्टम’ लावलं. खोटी समजूत सांगणाऱ्या प्रोग्रॅमला हेच हवं. विंडोज त्याला ९६ चा पडदा दाखवतं, तो आपला जुन्या मापात नीट आखणी करतो आणि विंडोज अख्खं चित्र मोठं करतं. उणे चिन्ह परत आलं, टूलपाथने विंडो भरली, पाटीवरची बटणं आपापल्या जागी लागली. मोबदल्यात धूसरपणा आला. तो पत्करला. विंडोजचं स्केलिंग मात्र १५० वरून १२५ वर आणलं, नाहीतर राउटरसारखा खालचा भाग गेला असता. १२५ ला ४० पिक्सेलचं बटण ९ मिलिमीटर होतं. मोज्यासकट जॉग करायला तेही अपुरं, म्हणून या मशीनवर जॉग हातातल्या पेंडंटवरच, म्हणजे तारेच्या बटणांच्या डबीवरच ठेवला.

राउटरला ‘सिस्टम’ लावून काहीच बदल होणार नव्हता, कारण विंडोज आधीपासून तेच करत होतं. ‘सिस्टम एनहान्स्ड’ लावून पाहिलं. आकडे आणि अक्षरं खरोखर स्वच्छ झाली. पण चित्रांची बटणं धूसरच राहिली आणि टूलपाथमध्ये काही फरक पडला नाही, कारण ही युक्ती विंडोजच्या जुन्या जीडीआय पद्धतीने काढलेल्या अक्षरांना आणि रेषांनाच लागू पडते. घाईत असाल आणि आकडे वाचता येणं एवढंच हवं असेल तर हा पर्याय चांगला आहे. ‘ॲप्लिकेशन’ लावल्यावर सगळं धारदार, पण ७ मिलिमीटरची बटणं.

या सेटिंगमध्ये तीन खड्डे आहेत आणि तिन्हींत पाय गेला. डेस्कटॉपवरचं चिन्ह बहुतेक वेळा खऱ्या प्रोग्रॅमचं नसून त्याला उठवणाऱ्या छोट्या लोडरचं असतं. लोडरवर सेटिंग केलं की मुख्य प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रोग्रॅम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये त्यावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ घेतलं की खरी एक्झी सापडते. दुसरा खड्डा म्हणजे हे सेटिंग त्या वापरकर्त्यापुरतंच असतं. प्रोग्रॅम वेगळ्या ॲडमिन खात्याने चालत असेल तर ते लागू होत नाही. त्यासाठी त्याच टॅबवरचं ‘चेंज सेटिंग्ज फॉर ऑल यूजर्स’ वापरायचं. तिसरा असा की विंडोज हे सेटिंग फाइलच्या पूर्ण पत्त्यावर लक्षात ठेवतं. फोल्डरचं नाव बदललं किंवा नवी आवृत्ती नव्या फोल्डरमध्ये घातली की सेटिंग गेलं. आवृत्ती बदलल्यावर −८८८.८८८ ची चाचणी पुन्हा घ्यायची ती याचसाठी.

स्केलिंगचा टक्का बदलल्यावर प्रत्येक वेळी साइन आउट करून पुन्हा साइन इन करायचं. ‘सिस्टम’ प्रकारचा प्रोग्रॅम साइन इनच्या वेळचं माप धरून बसतो. ते न करता चाचण्या घेतल्या की निकाल एकमेकांशी भांडतात आणि अर्धा दिवस वाया जातो. रिमोट डेस्कटॉपचंही तसंच. लांबून १५० टक्क्यांच्या लॅपटॉपवरून जोडणी केली की सेशन लॅपटॉपचं माप घेतं, आणि नंतर मशीनसमोर येऊन बघावं तर पडदा बिघडलेला. बिघडलेलं काही नसतं, साइन आउट केलं की सुटतं.

राउटरसाठी शेवटी मुळाशी गेलो. विंडोज १०० टक्क्यांवर, ओव्हरराइड काढून टाकलेला, आणि स्क्रीनच १९२० बाय १०८० ला नव्याने आखलेला. ज्या प्रोग्रॅमबरोबर स्क्रीन एडिटर मिळतो तिथे याहून चांगला मार्ग नाही. काही प्रोग्रॅम स्वतः स्क्रीन मोठा करून देतात. मॅक-३ (Mach3) या कंट्रोल प्रोग्रॅमच्या जनरल कॉन्फिगमध्ये ‘ऑटो स्क्रीन एन्लार्ज’ नावाची टिक त्यासाठीच आहे. पण १०२४ बाय ७६८ चा स्क्रीन अख्ख्या रुंद पडद्यावर पसरवला तर आडवी पट १.८७५ आणि उभी पट १.४०६ होते. गोल बटणं लंबगोल, अक्षरं फतकल मारून बसलेली. आणि विंडोजचं ताणणं चालू ठेवून ही टिक केली तर दोघे एकदम ताणणार, म्हणजे पुन्हा मूळपदावर.

म्हणून जुना स्क्रीन दोन्ही बाजूंनी १.४०६ पटीतच वाढवला. तो १४४० बाय १०८० झाला आणि डावीकडे बसवला. उजवीकडे ४८० पिक्सेलची उभी पट्टी मोकळी राहिली, पडद्यावर ८६ मिलिमीटर. तिथे जॉगची बटणं ९० पिक्सेलची, म्हणजे १६ मिलिमीटरची केली आणि दोन बटणांत ३० पिक्सेल सोडले. स्टीलची पट्टी पडद्याला लावून मोजलं. मोजा घालून प्रत्येक बटण वीस वेळा दाबलं, एकही चुकलं नाही. डीआरओच्या चौकटी आकड्याच्या गरजेपेक्षा एका अक्षराने रुंद ठेवल्या.

टास्कबार आपोआप लपणारा केला होता, पण बोट खालच्या कडेला गेलं की तो वर उसळून स्टॉपच्या बटणावर बसायचा. खालचे २० पिक्सेल रिकामे सोडले आणि कडेवरून बोट ओढण्याची खूण ग्रुप पॉलिसीतल्या ‘अलाउ एज स्वाइप’मधून बंद केली.

टचवर आणखी एक गोष्ट स्केलिंगच्या नावावर खपते. जॉगचं बटण दाबून धरलं तरी अक्ष हलत नाही, बोट उचललं की किंचित धक्का मारतो. विंडोज दाबून धरण्याला राइट क्लिक समजण्यासाठी थांबलेलं असतं, त्यामुळे बटण दाबल्याचा निरोप प्रोग्रॅमला वेळेवर जातच नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पेन अँड टच’, तिथे ‘प्रेस अँड होल्ड’ची सेटिंग्ज उघडून राइट क्लिकची टिक काढायची. तरीसुद्धा काचेवर सतत चालणारा जॉग ठेवू नये असं ठाम मत आहे. बोट बटणावरून घसरलं आणि सोडल्याचा निरोप हरवला तर अक्ष चालत राहू शकतो. टचवर ०.१ आणि १ मिलिमीटरचे टप्पे ठेवावेत, सतत जॉग पेंडंटवर.

छोट्या खिडक्या तपासायच्या राहूनच जातात. मुख्य स्क्रीन उत्तम जमला आणि टूल टेबल उघडलं तर त्याचं ओके बटण पडद्याच्या खाली. प्रोबिंगची, टूल बदलाची, ‘खात्री आहे का’ विचारणारी, प्रत्येक खिडकी एकदा उघडून बघायची. दुसरा मॉनिटर काढल्यावर एखादी खिडकी पडद्याबाहेरच उघडत असेल तर ऑल्ट आणि स्पेस दाबून एम दाबायचं, मग बाणाची एक कळ, आणि माउस हलवला की खिडकी हाताला चिकटून येते.

सगळं जमल्यावर सकाळी मशीन चालू केलं तर पडदा १०२४ बाय ७६८ वर. कॅबिनेटमध्ये संगणकाला वीज आधी मिळत होती आणि मॉनिटर मागून चालू होत होता. सुरू होताना संगणकाने मॉनिटरला त्याचं माप विचारलं, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने आपल्या मनाचं लावलं. मॉनिटरचा पुरवठा आधी जोडला, प्रश्न मिटला. तसं करता येत नसेल तर मॉनिटरचं माप लक्षात ठेवणारा ईडीआयडी एम्युलेटर केबलच्या तोंडाशी लावता येतो. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ग्राफिक्स ड्रायव्हर जाऊन साधा डिस्प्ले ॲडॉप्टर बसला तरी हेच दिसतं, म्हणून ड्रायव्हरची फाइल त्याच पेनड्राइव्हवर ठेवली आहे.

लिनक्ससीएनसी हा लिनक्सवरचा कंट्रोल प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. त्याच्या स्क्रीनपैकी ॲक्सिस हा टीके वर चालतो, जीएमॉक्कापी जीटीके वर आणि क्यूटीव्हीसीपीचे स्क्रीन क्यूटी वर, त्यामुळे प्रत्येकाचं स्केलिंग निराळ्या ठिकाणी असतं. जीटीके खिडक्या पूर्ण पटीतच मोठ्या करतो, एक, दोन अशा, अक्षरांची पट मात्र वेगळी देता येते. क्यूटी दशांशातली पटही घेतो. अख्खा पडदाच एक्सरँडर या आज्ञेने ताणायचा मोह होतो, पण ते ओझं ग्राफिक्सवर पडतं, आणि पॅरलल पोर्टवरून सॉफ्टवेअरने मोटरचे पल्स काढणाऱ्या मशीनवर त्याची किंमत मोजावी लागू शकते. बदलाआधी आणि बदलानंतर लेटन्सी टेस्ट (संगणक वेळेला किती चुकतो ते मोजणारी चाचणी) चालवावी, सोबत जीएलएक्सगिअर्स हा ग्राफिक्सवर ओझं टाकणारा प्रोग्रॅम चालू ठेवून. सॉफ्टवेअर पल्ससाठी आकडा १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर चिंता नाही. वाढला तर फॉन्टचं माप वाढवून काम भागवावं आणि पडदा ताणणं सोडून द्यावं. पल्स वेगळा कंट्रोलर बोर्ड काढत असेल तर पायऱ्या चुकण्याची भीती नाही, पण पडदा रेंगाळला तर फीड होल्डही उशिरा लागतो.

मॉनिटर अजून घ्यायचा असेल तर २३ इंची फुल एचडी घ्यावा. त्यात इंचाला बरोबर ९६ च्या आसपास पिक्सेल येतात, स्केलिंग १०० टक्क्यांवर राहतं आणि वरचं जवळपास काहीच करावं लागत नाही. २१.५ इंचीला १०२ आणि २४ इंचीला ९२ येतात, तेही चालतात. फोर के घेतलाच तर २०० टक्के ठेवावं, कारण पूर्ण पटीत एका पिक्सेलचे नेमके चार होतात आणि रेषा फाटत नाहीत. मात्र जुन्या संगणकाचा एचडीएमआय १.४ असेल तर फोर के सेकंदाला ३० वेळाच रंगवला जातो आणि माउसचा बाण हाताच्या मागे राहतो.

मिलिंगचा १५.६ इंची पडदा अजून धूसर आहे. तिथे २३ इंची बसवला की विंडोज १०० टक्क्यांवर आणायचं, ओव्हरराइडची टिक काढायची, साइन आउट करायचं, आणि ड्राइव्ह चालू करण्याआधी तिन्ही अक्षांवर −८८८.८८८ टाकून बघायचं.